अनेकांच्या हाती असलेली विद्या

विद्या हे धन दिल्याने वाढते, हे वचन आपणांपैकी प्रत्येकाने शाळेत पाठ केले आहे. परंतु वचन पाठ असणे निराळे आणि त्याप्रमाणे वर्तन घडणे निराळे. आपल्या लोहार समाजाचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, पिढ्यान्‌पिढ्या आपण आपली विद्या दिली ती केवळ घरातल्या घरात. कुऱ्हाडीला अथवा विळ्याला पाणी कसे द्यावयाचे, पोलाद पुन्हा तापविताना त्यावर पिवळा, जांभळा आणि निळा असे रंग क्रमाने चढत असता नेमक्या कोणत्या रंगाला ते बुडवावयाचे, हे बाप मुलाला दाखवीत असे, परक्याला नव्हे. त्यामागे पोटाची काळजी होती, हे मान्य केले पाहिजे. बलुत्यावर जगणाऱ्या कारागिरापाशी हातातील कसब एवढीच मिळकत होती. तथापि त्याचा परिणाम असा झाला की, घरातील कर्ता पुरुष साथीत गेला म्हणजे त्याच्याबरोबर विद्याही जाई. ती लिहून ठेवावी, तर आपल्या बहुतेक पूर्वजांना अक्षरओळख नव्हती. पाठशाळेचे दार आपल्याला बंद होते आणि आपल्या भात्यापाशी इतरांना मज्जाव होता. जातिव्यवस्थेने विद्येला असे दोन्हीकडून कुलूप घातले होते.

ज्या पिंपरी-चिंचवड व चाकणच्या परिसरात आज आपली कितीतरी कुटुंबे नोकरी-धंद्यानिमित्त स्थायिक झाली आहेत, तेथे हे कुलूप उघडण्याचे प्रयत्न मात्र फार जुने आहेत. गीतेचा अर्थ शके १२१२ मध्ये लोकांच्या बोलीत आणणाऱ्या ज्ञानेश्वरांची समाधी जवळच आळंदीस आहे. देहू तर त्याहूनही जवळ. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्याची कथा सर्वश्रुत आहे. तुकोबांचे टाळकरी, चाकणचे संताजी जगनाडे यांनी त्यांचे अभंग लिहून घेतले, अशी परंपरा आहे. कथेतील चमत्काराचा भाग श्रद्धेचा मानला, तरी इतिहासाचा भाग स्पष्ट आहे. वाणी-कुणब्याचे शब्द एका तेल्याने उतरून घेतले आणि वारकऱ्यांनी ते मुखोद्गत केले. अनेकांच्या वहीत आणि अनेकांच्या मुखी असलेली वाणी एका नदीत बुडणे शक्यच नव्हते.

स्वातंत्र्यानंतर या परिसरात कारखानदारी आली आणि तिच्याबरोबर हाच प्रश्न नव्या रूपाने पुढे आला. पेनिसिलिन बनविण्याची विद्या त्या काळी जगातील मोजक्या कंपन्यांच्या हाती होती. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्याने १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, आणि ती विद्या आपल्या देशातील माणसे आपल्याच कारखान्यात शिकू लागली. पुढे १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला. टेल्कोने येथे कारखाना उभारताना श्री. सुमंत मुळगावकर यांनी यंत्रे व हत्यारे घडविण्याच्या विभागास आणि तरुणांच्या प्रशिक्षणास अग्रस्थान दिले. आपल्या समाजातील भात्यावरची मुले फिटर, टर्नर व डायमेकर झाली ती याच काळात. लेथवर शेजारी कोणत्या जातीचा मुलगा उभा आहे, हे मोजमापाच्या कामात कोणी विचारीत नव्हते.

याच टेल्कोत कानपूरच्या आय.आय.टी.तून १९७५ साली पदवी घेतलेले श्री. अरविंद गुप्ता हे तरुण अभियंते रुजू झाले. १९७८ साली एक वर्षाची रजा घेऊन ते मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात खेड्यांतील विज्ञानशिक्षणाच्या कार्यक्रमात गेले. तेथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या घेऊन त्रिकोण, चौकोन व घन तयार केले. आगकाड्यांचा चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. पुलांत आणि छपराच्या कैच्यांत त्रिकोण का असतात, हे मुलाला चार पैशांच्या साहित्यात समजले. पुढे त्यांनी नोकरी सोडून हेच कार्य पत्करले. डॉ. जयंत नारळीकर यांनी पुण्यात उभारलेल्या आयुका या संस्थेतील मुलांच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. खेळण्यांच्या कृती, चित्रफिती आणि निरनिराळ्या भाषांतील हजारो पुस्तके त्यांनी इंटरनेटवर सर्वांस विनामूल्य खुली करून दिली. त्यांत मराठीही आहे. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मालमोटारींच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाची विद्या आज कोणत्याही खेड्यातील शिक्षक आपल्या वर्गात नेऊ शकतो.

इंटरनेटमुळे असे कार्य एकट्या व्यक्तीपुरते राहिले नाही. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. त्यात कोणीही वाचावे आणि कोणीही लिहावे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईस बसून ज्याचे संपादन आरंभिले, तो मराठी विश्वकोश एके काळी मोठ्या ग्रंथालयातच पाहावयास मिळे. तोही आता घरबसल्या वाचता येतो. आय.आय.टी. संस्थांतील प्राध्यापकांची व्याख्याने आय.टी.आय.चा विद्यार्थीही ऐकू शकतो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यू.आर. कोड जोडून मुलांना धडे ऐकण्या-पाहण्याची सोय केली. २०२० साली त्यांना दहा लक्ष डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, तेव्हा निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. वाटून घेण्याची ही वृत्ती आम्हांस त्या तंत्राइतकीच मोलाची वाटते.

असे असले तरी, दार उघडले म्हणजे प्रत्येक मूल आत पोहोचते असे नाही. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि धडे फोनवरून येऊ लागले. ज्या घरात एकच फोन होता आणि तो घेऊन वडील पाळीवर जात, तेथील मुलांचा दिवस धड्यावाचून गेला. दुसरे असे की, खुल्या भांडारात धान्याबरोबर खडेही येतात. चुकीची माहिती तितक्याच सुबक चित्रांसह समोर उभी राहते, आणि आरंभी फुकट म्हणून दिलेली शिकवणी पुढे पालकांच्या खिशाला भारी पडते. निवडून कोणी द्यावयाचे? तिसरी गोष्ट आपणांस अधिक परिचित आहे. पोलादाला पाणी देण्याची चित्रफीत शंभर वेळा पाहिली तरी हात तयार होत नाही. रंग ओळखण्यासाठी शेजारी जाणता माणूस उभा लागतो. शिक्षकाचे काम यामुळे संपलेले नाही, ते बदलले आहे. माहितीचा साठा आता त्याच्यापाशीच मागावा लागत नाही. पण खरे-खोटे पारखणे, अडलेल्याला पुढे नेणे आणि हात धरून करून घेणे हे त्याच्याकडेच राहिले आहे.

म्हणून ज्ञातिबांधवांपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. संघाचे सभागृह वर्षातील पुष्कळ दिवस बंद असते. तेथे रोज सायंकाळी अभ्यासिका चालवावी, दोन-चार संगणक व इंटरनेटची सोय करावी, आणि समाजातील निवृत्त शिक्षक व कारागिरांनी पाळीपाळीने तेथे बसावे. दुसरी सूचना अशी की, ज्या वृद्ध बांधवांना भाता, ऐरण आणि पाणी देण्याची जुनी रीत अद्याप ठाऊक आहे, त्यांचे काम तरुणांनी चित्रफितींत टिपून, मराठीत नीट वर्णन लिहून, सर्वांस खुले करावे. आपण घेणारेच राहिलो तर मराठीचे भांडार भरणार कोणी? ही माणसे आता थोडी उरली आहेत, म्हणून हे काम याच वर्षी आरंभिले पाहिजे.

तिसरी सूचना काहींना रुचणार नाही, तरीही ती करणे आम्ही कर्तव्य समजतो. या अभ्यासिकेच्या दारावर जात विचारली जाऊ नये. चाकणच्या कारखान्यांत मजुरीस आलेल्या परप्रांतीयांची मुले, शेजारच्या वस्तीतील मुले, ज्याला शिकावयाचे आहे ते प्रत्येक मूल तेथे बसावे. संघ आपल्या वर्गणीतून उभा आहे, मग लाभ इतरांनी का घ्यावा, असा प्रश्न निघेल. त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. गुपित राखून आपल्या पूर्वजांनी पोट भरले, परंतु विद्या गमावली. आणि आपली मुले पुढे आली ती इतरांनी आपल्याला शिकविले म्हणून. येत्या वार्षिक सभेत कार्यकारी मंडळाने हा विषय पत्रिकेवर घ्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे.