जोगळटेंभीची दुहेरी छापाची नाणी

नाशिकजवळच्या जोगळटेंभी गावात १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, मुळात सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांतलं एखादं सुटं नाणं नवख्या संग्राहकाच्या हाती पडलं, तर टांकसाळीची चूक म्हणूनच तो ते वेगळं काढील. राजाच्या गालावर तीन कमानींचा चैत्य उमटलेला, त्याभोवती ब्राह्मी अक्षरं, कडेला जुन्या ग्रीक लेखाचे तुकडे. मागच्या बाजूला बाण आणि वज्र यांवर उज्जैन चिन्हाची वर्तुळं. एका चकतीवर दोन छाप, आणि धड एकही नाही. पण नाणं चुकलं की नाही, हे त्या एकट्या नाण्यावरून ठरत नाही. सोबतची नाणी पाहावी लागतात.

रेव्हरंड स्कॉट यांनी साठा तपासला, तेव्हा नऊ हजारांवर नाण्यांवर हाच दुसरा छाप निघाला. तो सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा. त्याने क्षहरातांचा वंश संपवल्याचं त्याची आई गौतमी बलश्री नाशिकच्या लेण्यातल्या लेखात सांगतेच. हात सरकून दोनदा घाव बसला, तर तेच चित्र थोडं बाजूला पुन्हा उमटतं. इथे दुसरं चित्र दुसऱ्या राजाचं आहे. यावर कोणी म्हणेल, शत्रूचं नावच पुसायचं तर नाणी वितळवायची होती. अर्धा चेहरा शिल्लक ठेवणं हे निष्काळजी कामच. मला हे पटत नाही. वितळवायचं म्हणजे कस पाहणं, नव्या चकत्या पाडणं, प्रत्येक तोलणं, आणि त्यात चांदीची घट. नहपानाचं दोनेक ग्रॅमचं नाणं बाजारात आधीच चालत होतं. त्यावर नव्या राजाचा ठसा मारला की काम झालं. तो ठसा कुठे गालावर पडला, कुठे कानावर, याची फिकीर टांकसाळीने केलेली दिसत नाही.

मग चूक अशी नाहीच का? आहे, आणि ती नहपानाच्याच टांकसाळीत आहे. ग्रीक न वाचता येणाऱ्या कारागिरांनी अक्षरांचे नुसते आकार उतरवले आणि ते बिघडत गेले. ही ठशातली चूक, म्हणून त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर ती तशीच येते. चकती सरकल्याची चूक मात्र एकाच नाण्यापुरती. तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेल्या नाण्याचीही पारख अशीच तुलनेने होते. हिरवट डाग दिसला म्हणून नाणं आतून तांब्याचं ठरत नाही, कारण हिणकस चांदीतलं तांबंही वर येतं. कडेला किंवा खोल छापाशी चांदीचा पापुद्रा फाटलाय का ते पाहावं आणि तेवढ्याच आकाराच्या अस्सल नाण्याशी वजन ताडावं. तांबं चांदीहून हलकं असतं. झिजलेल्या भागावरून चांदी सलग गेली असेल, तर मुलामा झिजेनंतरचा.

यातलं बरंचसं सुट्या नाण्यावरून सिद्ध झालं नसतं. म्हणून शेतात, पायाच्या खोदकामात नाण्यांचं मडकं लागलं, तर नाणी घासू नका, वाटून घेऊ नका, सोनाराकडे नेऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवा आणि साठा मडक्यासकट जसाच्या तसा सोपवा.