अपवादाचा माग

संगणकाच्या भाषेत चूक घडली असता ती कोणत्या शब्दांत जाहीर व्हावी, हा प्रश्न वरकरणी कारकुनी स्वरूपाचा वाटतो. परंतु एमएल कुळातील भाषांचा इतिहास पाहू गेल्यास, जन्मसमयी त्या भाषेस जे प्रयोजन लाभले त्याची मुद्रा या किरकोळ भासणाऱ्या बाबीवर किती दीर्घकाळ टिकून राहिली, हे ध्यानात येते. १९७३ साली रॉबिन मिल्नर एडिंबरा विद्यापीठात आले आणि तेथे सहकाऱ्यांसह त्यांनी प्रमेये सिद्ध करणारी एलसीएफ नावाची यंत्रणा उभारली. एमएल ही त्या यंत्रणेस आज्ञा देण्याची भाषा. सिद्धतेचा एक मार्ग धरावा, तो खुंटला की मागे फिरून दुसरा धरावा, तोही खुंटल्यास तिसरा, असा त्या कामाचा नित्यक्रम असल्यामुळे अपयश ही तेथे आपत्ती नव्हे, तर रोजच्या व्यवहारातील एक पायरी होती. अपयशासोबत एक लहानशी अक्षरखूण तेवढी रवाना होई, आणि ती ज्याच्या हाती पडेल त्याने पुढला मार्ग घ्यावा, एवढीच अपेक्षा असे. एकाच सिद्धतेत वारंवार घडणाऱ्या गोष्टीचा दर वेळी पंचनामा कोण करणार?

हा वारसा फ्रान्समध्ये रुजला तो पॅरिसच्या पश्चिमेस, रोकांकूर येथे; नाटोचे सैनिकी मुख्यालय १९६७ साली बेल्जियमला हलल्यावर त्याच्या आवारात फ्रेंच सरकारने संगणकशास्त्राची जी संशोधनसंस्था वसवली, तिच्यात. (लष्करी छावणीच्या जागी अपयशाला इतकी सौम्य वागणूक मिळावी, हा योगायोग मौजेचा खरा.) तेथून १९८७ मध्ये कॅमल, पुढे झाव्हिए लरुआ व दामियाँ दोलिजेझ यांची कॅमल लाइट, आणि १९९६ मध्ये ऑब्जेक्टिव्ह कॅमल बाहेर पडली, जिला २०११ पासून ओकॅमल हे सुटसुटीत नाव मिळाले. या भाषेत अपवाद, म्हणजे अपयशाची तीच खूण, उठवणे कमालीचे स्वस्त आहे. अपवाद झेलण्यास सिद्ध असलेल्या हँडलरांचे पत्ते कॉल स्टॅकवर साखळीने गुंफलेले असतात, आणि अपवाद उठताच यंत्र मधल्या फंक्शनांकडे ढुंकूनही न पाहता सर्वांत जवळच्या हँडलरापाशी थेट जाऊन ठेपते. मध्ये दहा फंक्शने असोत वा दहा हजार, खर्च तेवढाच. साहजिकच ग्रंथालयातील साध्या कामांतही अपवादांचा सर्रास उपयोग सुरू झाला: कोष्टकात शोधलेली किल्ली नसली तर 'नॉट_फाउंड', फाइल संपली तर 'एंड_ऑफ_फाइल'.

पण ज्या उडीमुळे हा वेग साधला, तिनेच वाट पुसून टाकली. कोणीच न झेललेला 'नॉट_फाउंड' कार्यक्रम बंद पाडून पडद्यावर एक ओळ टाकी. कोणत्या कोष्टकात, कोणाच्या सांगण्यावरून शोध चालला होता, याचा त्या ओळीत मागमूस नसे. अपयशाच्या नावापुरता दाखला मिळे, तपशील गहाळ.

नावाबरोबरचा मजकूर छापणे, हेही सोपे नव्हते. ओकॅमल सर्व प्रकार कंपायलरच्या कचेरीतच तपासून घेते, आणि तपासणी पुरी झाली की ते पुसून टाकते. त्यामुळे कार्यक्रम चालू असताना समोरचे मूल्य नेमके कशाचे आहे, हे त्या मूल्यालाही ठाऊक नसते. अपवाद छापणारे जे 'प्रिंटएक्स्क' नावाचे मॉड्यूल, त्याला म्हणून अंदाजावर भागवावे लागते: पूर्णांक दिसला तर अंक, अक्षरमाला दिसली तर अवतरणचिन्हांत मजकूर, अपूर्णांकही ओळखू येतो, आणि उरलेल्या सर्वांसाठी एक अधोरेषा. सत्यासत्याच्या प्रकारातले 'खरे' हे मूल्य या पद्धतीने निव्वळ १ म्हणून छापले जाते. मला या अधोरेषेचे कौतुक वाटते. अज्ञान इतक्या निःसंकोचपणे कबूल करणारी कचेरी विरळा. ३.११.२ या आवृत्तीपासून कोणत्याही मॉड्यूलच्या कर्त्याला स्वतःचा छापक नोंदवण्याची मुभा मिळाली. शेवटी नोंदलेल्याला आधी विचारावे, त्याने हात झटकले तर त्याच्या आधीच्याला, असा शिरस्ता पडला.

अपवाद कोणत्या वाटेने आला, त्या मागाची नोंद मात्र फुकट मिळत नव्हती. कार्यक्रम '-जी' या सूचनेसह बांधून वातावरणातील ठरावीक चलात 'बी' हे अक्षर लिहिले, तर अपवाद उठताना स्टॅक चाचपला जातो, हँडलर भेटेपर्यंतचे टप्पे एका राखीव जागेत उतरवले जातात, आणि मग 'येथे उठला', 'येथून बोलावले', 'येथे पुन्हा उठवला' अशा ओळी वाचावयास मिळतात. या नोंदीतही उणिवा आहेत. फंक्शनाने आपले शेवटचे काम दुसऱ्यावर सोपवले तर त्याची जागा स्टॅकवरून तत्क्षणी मोकळी होते, म्हणजे मधल्या कारकुनाने अर्ज पुढे धाडून मेज रिकामे करावे आणि बारनिशीत त्याचे नावही न उरावे, तशातली गत. शिवाय ती राखीव जागा सामायिक असल्यामुळे, हँडलर साफसफाई करत असता दुसरा अपवाद उठला तर पहिल्याची मिसल खालसा; म्हणून जाणते प्रोग्रामर हँडलरात शिरताच प्रथम नोंद आपल्या ताब्यात घेतात.

पुढील काळात ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने दुरुस्त होत गेली. २०१३ च्या ४.०१ मध्ये अपवाद न उठवताही चालू कॉल स्टॅक मागून घेण्याची सोय आली. २०१७ च्या ४.०५ मध्ये जपून ठेवलेल्या नोंदीसह अपवाद पुन्हा उठवता येऊ लागला. या दोहोंच्या मध्ये, २०१४ साली, ४.०२ ने नेमकी उलट मागणीही मान्य केली: नोंद न करता अपवाद उठवण्याचे स्वतंत्र फंक्शन. शोधातून बाहेर पडण्यापुरता अपवाद वापरणाऱ्यांना, म्हणजे एडिंबऱ्याच्या मूळ रिवाजाने चालणाऱ्यांना, नोंदीचा भुर्दंड नको होता.

डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ५.० या आवृत्तीत 'इफेक्ट' नावाची सोय आल्यापासून एकाच कार्यक्रमात अनेक लहान स्टॅक नांदू लागले, आणि अर्ध्यावर थांबवून ठेवलेल्या गणनेलाही तिचा कॉल स्टॅक विचारता येतो. मागाची नोंद मात्र अद्यापि मागितल्याखेरीज होत नाही.