न्यूमन नावाचे घर

फिलाडेल्फियात चेस्टनट स्ट्रीट आणि अडतिसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर सेंट जेम्सचे चर्च उभे आहे. चर्चभोवतीच्या ख्रिस्ती समुदायाला, म्हणजे पॅरिशला, वसईचे ख्रिस्ती ‘धर्मग्राम’ म्हणतात. हे धर्मग्राम १८५० सालचे. १९७६ मध्ये सेंट अगाथाचे धर्मग्रामही त्यात विलीन झाले. चर्चला लागूनच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कॅथलिक विद्यार्थ्यांचे ‘न्यूमन सेंटर’ आहे. अमेरिकेतल्या कितीतरी विद्यापीठांत अशा घराला हेच नाव असते. हे नाव ज्यांचे, ते कार्डिनल न्यूमन मात्र अमेरिकेत कधी गेलेच नाहीत.

या घराचे मूळ शोधत गेले की आपण एका जेवणाच्या पंगतीत पोचतो. १८८३ साली विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन गावात, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, मेल्विन कुटुंबाने विद्यापीठातल्या काही कॅथलिक मुलांना घरी जेवायला बोलावले. वर्गात प्राध्यापकांनी मध्ययुगीन चर्चवर केलेली टीका मुलांच्या मनाला लागली होती. बोलता बोलता विषय तिथे आला, आणि आपण नियमित भेटायचे, वाचायचे, असे ठरले. हा ‘मेल्विन क्लब’. त्या मुलांपैकी टिमथी हॅरिंग्टन पुढे वैद्यकी शिकायला फिलाडेल्फियात आला. १८९३ मध्ये त्याने तिथे तसेच मंडळ काढले आणि त्याला तीन वर्षांपूर्वी वारलेल्या कार्डिनल जॉन हेन्री न्यूमन यांचे नाव दिले.

नाव अचूक निवडले होते. विद्यापीठ म्हणजे काय, यावर न्यूमन यांनी डब्लिनला दिलेली व्याख्याने आजही वाचली जातात. पण त्यांची स्वतःची एक इच्छा राहूनच गेली. १८६४ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डला पाच एकर जागा घेतली होती. तिथे आपल्या धर्मगुरूंच्या संघाचे घर बांधायचे त्यांच्या मनात होते. चर्चमधल्याच वरिष्ठांनी विरोध केला. कॅथलिक मुलांनी ऑक्सफर्डला जाऊच नये, असे त्यांचे मत. १८६७ मध्ये रोमची सूचना उघड झाली: न्यूमन यांनी ऑक्सफर्डला मुक्काम हलवू नये. त्यांनी बेत सोडला.

अमेरिकेतही बऱ्याच बिशपांना हीच धास्ती होती. विद्यापीठात धर्मगुरू नेमला, तर मुलांना तिथे धाडायला आपली संमती आहे असा अर्थ निघेल! शिवाय धर्मग्राम म्हणजे घरे, बारसे, लग्न, दफन. चार वर्षांच्या पाहुण्याचे त्यात काय? मला हॅरिंग्टनचे मोल इथे वाटते. तो धर्मगुरू नव्हता, तरीही वरून हुकूम येण्याची त्याने वाट पाहिली नाही. हुकूम नंतर आला. १९०५ मध्ये पोप दहावे पायस यांनी विद्यापीठांच्या गावी धर्मशिक्षणाची सोय करायला सांगितले. १९८३ च्या चर्चच्या कायदेसंहितेत तर विद्यार्थ्यांसाठी वेगळे धर्मग्राम स्थापण्याचीही तरतूद आहे.

ऑक्सफर्डची मनाई उठली १८९५ मध्ये. पुढच्याच वर्षी तिथे कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी धर्मगुरू नेमला गेला. तेव्हा फिलाडेल्फियातल्या न्यूमन क्लबला तीन वर्षे झाली होती.