लॉगची लवचीकता आणि तिची मर्यादा

संगणकप्रणाली आपल्या कामाचा वृत्तान्त ज्या संदेशांत लिहून ठेवते, त्यांना ‘लॉग’ म्हणतात. आरंभी हे संदेश कोठे लिहायचे, हे बहुधा प्रोग्रॅममध्येच पक्के केलेले असे. ठिकाण बदलायचे तर प्रोग्रॅमच बदलावा लागे. १९८०च्या दशकात अमेरिकेतील बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी ‘सेंडमेल’ या ई-मेल प्रणालीसाठी ‘सिसलॉग’ रचला आणि ही अडचण दूर झाली. प्रोग्रॅमने संदेशाला फक्त गांभीर्याची पातळी द्यायची. कोणता संदेश फाइलीत आणि कोणता दुसऱ्या यंत्राकडे जाईल, हे स्वतंत्र फाइलीत ठरे. पुढे जावा भाषेत ‘लॉग४जे’ने हेच तत्त्व विस्तारले.

त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र या लवचीकतेने मर्यादा ओलांडली. संदेशात विशिष्ट खूण आढळली, की लॉग४जे तिचा अर्थ लावून दूरच्या सर्व्हरशी संपर्क साधी. त्यामुळे अनोळखी व्यक्तीने पाठवलेली एक ओळ नोंदवली जाताच सर्व्हरचा ताबा जाऊ शकत होता. डिसेंबर २०२१मध्ये उघड झालेल्या या ‘लॉग४शेल’ त्रुटीस तीव्रतेचे कमाल, म्हणजे १० गुण मिळाले.

२८ एप्रिल २०२२ रोजी भारताच्या ‘सर्ट-इन’ने कंपन्या व शासकीय संस्थांना लॉग १८० दिवस जपण्याचा निर्देश दिला, कारण घुसखोरीचा माग लॉगमधूनच लागतो. ज्या नोंदींवर तपासाची भिस्त आहे, त्यांतील मजकुराला आज्ञेचा अधिकार कधीही मिळू नये, हाच या इतिहासाचा धडा आहे.