हक्क-चळवळीतील चरित्रे व आत्मकथने : धाराशिव परिसर

सामाजिक समता व नागरी हक्क यांसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांची आणि विचारवंतांची चरित्रे व आत्मकथने ही इतिहासाची महत्त्वाची साधने होत. मात्र या दोन प्रकारांतून मिळणारी माहिती भिन्न स्वरूपाची असते. धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) जिल्ह्याच्या इतिहासात याची बोलकी उदाहरणे आढळतात.

डॉ. भीमराव आंबेडकर (१८९१–१९५६) यांच्या जीवनक्रमात या जिल्ह्यातील कसबे तडवळे या गावाचा उल्लेख येतो. तेथे २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी त्यांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. वतनामुळे गावकीची व सरकारी कामे तुटपुंज्या मोबदल्यावर वंशपरंपरेने करावी लागत. या पद्धतीत सुधारणा करणारे विधेयक आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले होते. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा मात्र त्यांच्या निधनानंतर, १९५८ मध्ये झाला. नेत्याच्या चरित्रातून अशा घटनांचा काळ आणि त्यांमागील मागणी कळते. परिषदेस आलेल्या वतनदाराच्या घरातील जीवन त्यात क्वचितच उतरते.

ही उणीव आत्मकथने भरून काढतात. लक्ष्मण गायकवाड यांचे उचल्या (१९८७) हे त्यांपैकी एक असून त्यास १९८८ चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. लेखकाचे धनेगाव लातूर परिसरातील. लातूर हा १६ ऑगस्ट १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता; त्यामुळे या ग्रंथातील बालपण जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ठरते. ब्रिटिश अंमलात १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या गेल्या. तशा प्रकारचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी संशय टिकून राहिला. पोलिसी दप्तरात ज्याची नोंद केवळ चोरी अशी होते, त्यामागील भूक, मारहाण आणि शाळेत जाण्याची धडपड या ग्रंथात दिसते. पुढे सूतगिरणीतील कामगार चळवळीत व विमुक्तांच्या हक्कांच्या लढ्यात लेखक उतरला, त्याची पूर्वपीठिकाही येथे आहे.

आत्मकथन मात्र स्मरणावर आधारलेले असते. त्यातील संवाद शब्दशः नोंदलेले नसतात आणि घटनांचा क्रम निश्चित असतोच असे नाही. जन्मतारीखही नोंदली न गेलेल्या समाजाकडून काटेकोर कालानुक्रमाची अपेक्षा करणे गैर होय. नोंदीचा हा अभावच त्या समाजाच्या स्थितीचा पुरावा ठरतो. म्हणून तारखा व कायदे अन्य साधनांवरून पडताळावेत आणि अनुभवाची साक्ष आत्मकथनातून घ्यावी. स्त्रियांच्या सहभागाविषयी दोन्ही प्रकार पुष्कळदा मौन पाळतात. आंबेडकरी चळवळीपुरते हे मौन ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आम्हीही इतिहास घडवला (१९८९) या ग्रंथात कार्यकर्त्या स्त्रियांच्या मुलाखतींद्वारे दूर केले. गावोगावच्या हयात कार्यकर्त्यांच्या आठवणी अशाच रीतीने नोंदविल्यास जिल्ह्याचा इतिहास अधिक पूर्ण होईल.