ससाण्यांच्या डोंगरावरील नोंदवही

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पेनसिल्व्हानिया राज्यांत किटॅटिनी नांवाची एक लांबच लांब डोंगररांग ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे गेली आहे. शरदऋतु आला कीं उत्तरेकडील शिकारी पक्षी दक्षिणेची वाट धरतात, आणि त्यांतील हजारों पक्षी या रांगेच्या माथ्यावरून जातात. याचें कारण वाऱ्यांत आहे. वायव्येचा वारा डोंगराच्या अंगावर आदळून वर चढतो. त्यावर पंख पसरून राहिलें कीं फारसे श्रम न करतां कोसच्या कोस मार्ग कापतां येतो. रांगेवरील एका खडकाळ माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार फुटांवर, हे पक्षी कित्येकदां पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळींतून जातात. या जागेस हॉक मौंटन, म्हणजे ससाण्यांचा डोंगर, असें म्हणतात.

जी सोय पाहणाऱ्याची, तीच मारणाऱ्याचीहि. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत लोक शरदांत बंदुका घेऊन या माथ्यावर जमत. कोंबड्यांचा आणि शिकारीच्या पाखरांचा वैरी म्हणून ससाण्याला मारणें हें सत्कृत्यच समजलें जाई. १९२९ सालीं तर राज्याच्या शिकारखात्यानें गॉसहॉक या मोठ्या बाजाला मारणाऱ्यास दर पक्ष्यामागें ५ डॉलरचें बक्षीस लावलें. वाऱ्यावर वेगानें जाणाऱ्या पक्ष्यांत बाज कोणता आणि दुसरा कोणता, हें निवडण्याची तसदी कोण घेणार? सरसकट सर्वांवरच गोळ्या सुटत. त्यापूर्वींच, १९२८ सालीं, जॉर्ज मिक्श सटन या पक्षिशास्त्रज्ञानें येथील शिकाऱ्यांनीं पाडलेल्या ससाण्यांविषयीं एक टिपण प्रसिद्ध केलें होतें. म्हणजे या डोंगरावरील पक्ष्यांची आरंभींची गणती झाली ती मेलेल्या पक्ष्यांची!

१९३२ सालीं रिचर्ड पाऊ नांवाचा तरुण तेथें गेला. झाडींत पडलेले पक्षी त्यानें गोळा केले, जमिनीवर ओळीनें मांडले आणि त्यांचीं छायाचित्रें घेतलीं. त्याची हकीकत न्यूयॉर्कमध्यें रोझली एज या बाईंच्या कानीं आली. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळींत मुरलेल्या या बाई सभा आणि ठराव यांवर समाधान मानणाऱ्या नव्हत्या. १९३४ सालीं त्यांनीं तो डोंगरच, सुमारें १,४०० एकर, ५०० डॉलर देऊन दोन वर्षांच्या करारानें घेतला. पुढें तो विकत घेऊन १९३८ सालीं एका कायमच्या संस्थेच्या स्वाधीन केला. शिकारी पक्ष्यांसाठीं राखलेलें जगांतील हें पहिलें अभयारण्य होय.

जमीन घेतली, पण ती राखणार कोण? मॉरिस ब्राऊन आणि त्यांच्या पत्नी अर्मा यांनीं पहिल्या हंगामाचें काम वेतन न घेतां पत्करलें. पाट्या लावावयाच्या, बंदूकवाल्यांना परत पाठवावयाचें, त्यांचे शिव्याशाप ऐकावयाचे, असें तें काम होतें. अर्माबाई वाटेवर उभ्या राहत आणि मॉरिस माथ्यावर बसत. तेथें बसल्या बसल्या मॉरिसनीं जाणारे पक्षी मोजून लिहून ठेवण्यास सुरुवात केली. त्या पहिल्याच शरदांत दहा हजारांहून अधिक पक्ष्यांची नोंद झाली.

ही मोजणी वाटते तितकी सोपी नाहीं. सप्टेंबरच्या मध्यास रुंद पंखांचे ससाणे येतात. ते दूर मध्य व दक्षिण अमेरिकेस जाणारे. जमिनीवरून वर चढणारी ऊन हवा सांपडली कीं शेंकडों पक्षी तिच्यांत भोवऱ्यासारखे गरगर फिरत वर चढतात. त्या गर्दींत मोजूं गेल्यास हिशेब चुकलाच म्हणून समजावें. भोवऱ्याच्या माथ्यावरून पक्षी एकामागून एक निसटून घसरत पुढें जाऊं लागले, म्हणजे मग मोजावयाचे. ऑक्टोबरांत आपल्याकडील शिकऱ्याच्या कुळांतले चपळ लहान ससाणे येतात. नोव्हेंबरांत तांबड्या शेपटीचे ससाणे आणि सोनेरी गरुड. पक्षी काळ्या ठिपक्याएवढा दिसत असतांना पंखांचा आकार आणि उडण्याची ढब यांवरून त्याची जात ओळखावी लागते.

ब्राऊन युद्धांत गेल्यामुळें १९४३ ते १९४५ या वर्षांत ही नोंद खंडली. परत आल्यावर त्यांनीं ती पुन्हां सुरू केली. १९४५ च्या शरदांत माथ्यावर येऊन गेलेल्या पाहुण्यांत रेचेल कार्सन या लेखिका होत्या. पुढें डीडीटीच्या घातकपणाविषयीं त्यांनीं ग्रंथ लिहिला, तेव्हां या नोंदवहीचें खरें मोल प्रकट झालें. पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचें पोर सर्वांगानें काळपट असतें, म्हणून तें दुरूनहि ओळखूं येतें. १९३५ ते १९३९ या काळांत येथून गेलेल्या या गरुडांत शंभरांत चाळीस पोरें होतीं. १९५५ ते १९५९ मध्यें तीं वीसांवर आलीं. आणि १९५७ सालीं तर बत्तीस थोरांमागें एकच पोर दिसलें. म्हातारे दिसत होते, पण घरट्यांतून नवे निघत नव्हते. शेतांवर व पाण्यांवर फवारलेलें विष माशांवाटे गरुडांच्या अंगांत जाई आणि त्यांच्या अंड्यांचीं कवचें पातळ होत. कार्सन यांनीं १९६२ सालच्या आपल्या ग्रंथांत हे आंकडे दिले. १९७२ सालीं अमेरिकेंत डीडीटीच्या वापरावर जवळजवळ पूर्ण बंदी आली. गरुड हळूहळू सांवरले, आणि २००७ सालीं संकटग्रस्त प्राण्यांच्या सरकारी यादींतून त्यांचें नांव काढण्यांत आलें.

१९३५ सालीं काळपट गरुडापुढें एक रेघ ओढतांना ब्राऊन यांना डीडीटीचें नांवहि ठाऊक असणें शक्य नव्हतें. त्या द्रव्याचा कीटकनाशक गुण १९३९ सालीं उमगला. विषापूर्वींचें जग कसें होतें, याचा पुरावा विष येण्यापूर्वींच लिहून ठेवावा लागतो. मागाहून तो कोणत्याहि किंमतीस मिळत नाहीं. म्हणूनच आजहि १५ ऑगस्टपासून १५ डिसेंबरपर्यंत त्या खडकांवर माणसें बसतात आणि तासातासाची नोंद करतात. अलीकडे त्या नोंदींत केस्ट्रेल हा लहानगा ससाणा कमी होत चालल्याचें दिसत आहे. त्याचें कारण शोधणारांना आधार आहे तो नव्वद वर्षांपूर्वीं उघडलेल्या त्या वहीचाच.