जडत्व

स्थिर वस्तू स्थिर राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत चालत राहते. ही अवस्था बदलण्यास होणारा पदार्थाचा अंगभूत विरोध म्हणजे जडत्व किंवा निरूढी. बाहेरून असंतुलित बल लागले तरच अवस्था बदलते. वस्तुमान हे जडत्वाचे माप आहे. गती टिकवण्यासाठी सतत बल लागते, ही जुनी समजूत गॅलिलिओने उतारावरील प्रयोगांतून खोडून काढली. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त हे तत्त्व गतीचा पहिला नियम म्हणून मांडले.

जडत्व आणि वजन यांची गल्लत नेहमी होते. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी आणि पायथ्याचे कसारा यांमधला थळ घाट हा फरक फार चांगला दाखवतो. १८६५ मध्ये सुरू झालेल्या इथल्या लोहमार्गाचा चढ ३७ ला १ इतका तीव्र आहे. घर्षण सोडून दिले, तर १,००० टनांच्या गाडीचा वेग सपाटीवर दर सेकंदाला ०.१ मीटर प्रतिसेकंदाने वाढवण्यास सुमारे १ लाख न्यूटन बल लागते. हा झाला केवळ जडत्वाचा हिशेब. घाटात तीच गाडी नुसती जागेवर धरून ठेवायलाही सुमारे २ लाख ६५ हजार न्यूटन लागतात. तो गुरुत्वाकर्षणाचा भार. कसाऱ्याला गाडीमागे बँकर इंजिने जोडतात ती मुख्यतः या दुसऱ्या भारासाठी. शिवाय मागून रेटा मिळाल्याने डब्यांच्या जोडण्यांवरचा ताणही कमी होतो.

उतारावर खरी कसोटी ब्रेकची. घर्षण व ब्रेक नसते, तर थांबलेली गाडी एका किलोमीटरच्या उतारात ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गेली असती. वेग गुरुत्वाकर्षण देते. पण उतार संपून सपाटी आल्यावरही गाडी धावत राहते ती जडत्वामुळे. म्हणूनच ताब्याबाहेर गेलेली गाडी वळवून घ्यायला घाटात कॅच सायडिंग ठेवतात.

जडत्व दिशेलाही लागू आहे. वळणावर गाडीचा कल सरळ जाण्याचा असतो. रूळ तिला आत ढकलतात. बाहेरचा रूळ उंच ठेवल्याने हे काम सुकर होते. डब्यातील प्रवाशाला आपण बाहेर फेकले जातो असे वाटते, पण जमिनीवरून पाहता त्याच्यावर बाहेरच्या दिशेने कोणतेही बल नसते.

फिरत्या वस्तूच्या बाबतीत वस्तुमान अक्षापासून किती दूर आहे यालाही महत्त्व येते. त्या मापाला निरूढी परिबल म्हणतात. सारख्याच वस्तुमानाच्या दोन चाकांपैकी ज्याचे वस्तुमान कडेला एकवटले आहे, ते फिरवायला आणि थांबवायला जास्त कठीण असते.